‘कानाची नस कमजोर झालीय’ म्हणजे नक्की काय झालंय?

आमच्या आत्याला मी फोनवर सांगितलं, रिक्षा सातला येईल. आत्या आठला तयार झाली. रिक्षावाला तासभर थांबला नाही, तपासणीची वेळ हुकली आणि घरात जुनाच वाद नव्याने सुरू झाला. “तुला ऐकू येत नाही” विरुद्ध “तुम्ही नीट बोलत नाही”. आत्याचं म्हणणं ठाम होतं: “आवाज येतो रे मला. शब्द कळत नाहीत.”

पुढे तपासणी झाली आणि निदान कळलं, “नस कमजोर झालीय”. मग सल्ल्यांचा पाऊस. कोणी कानात बदामाचं तेल घालायला सांगितलं, कोणी बी-बारा जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुचवली, कोणी म्हणालं, नस एकदा सुकली की संपलंच. कानाचं मशीन घेतलं, आठ दिवस लावलं, आणि ते मूळ डबीत घालून कपाटात गेलं. ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी घडते, म्हणून ती ‘नस’ जरा उलगडून बघू. आत्याचं वाक्य वैद्यकीयदृष्ट्या किती अचूक होतं, तेही त्यातून कळेल.

नस म्हणजे कुठली नस?

मराठीत ‘नस’ या एका शब्दावर फार ओझं आहे. रक्तवाहिनीही नस, पायात आखडते तीही नस, आणि मेंदूकडे निरोप नेणारा धागा तोही नसच. इथे विषय या तिसऱ्या प्रकाराचा आहे. त्याला चेतातंतू म्हणू.

आवाज म्हणजे हवेतली थरथर. ती कानाच्या पडद्यावर आदळते. पडद्यामागे तीन चिमुकली हाडं एकमेकांना जोडलेली आहेत: हातोडा, ऐरण आणि रिकीब. त्यातली रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. इथपर्यंतचा कारभार निव्वळ यांत्रिक आहे. मळ साचला, पडद्याला भोक पडलं, मागे पाणी झालं, हाड जखडलं, तर आवाज अडतो. पण हा बिघाड बहुतेक वेळा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दुरुस्त होऊ शकतो.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. रिकीब ज्या खिडकीवर ठोकते, तिच्या पलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची, द्रवाने भरलेली नळी आहे. उलगडली तर साधारण ३५ मिलिमीटर. तिला शंखनळी म्हणू. पेटीच्या पट्ट्या काढून गुंडाळून शंखात बसवाव्यात, तशी तिची रचना आहे. दाराशी सगळ्यात बारीक, उंच पट्टीचे स्वर. शंखाच्या टोकाला खर्ज. कोणता स्वर आला, हे नळीतली कोणती जागा जास्त हलली यावरून ठरतं. ती हालचाल प्रत्यक्ष पाहून मांडल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळालं.

या नळीत रोमपेशी असतात. डोक्यावर केसांसारखे सूक्ष्म तुरे असलेल्या पेशी. द्रव हलला की तुरे वाकतात, आणि पेशी त्या हालचालीचा विजेचा निरोप करते. एका कानात त्या साधारण पंधरा हजार. त्यातल्या सुमारे साडेतीन हजारच मेंदूला निरोप पाठवण्याचं मुख्य काम करतात. बाकीच्या आतल्या आत क्षीण आवाज वाढवून देतात. प्रत्येक कानातून मग तीसेक हजार चेतातंतूंची जुडी मेंदूकडे निघते. खरी ‘नस’ ती.

आता मुद्दा. “नस कमजोर” असं निदान होतं तेव्हा बहुतेकांची मूळ झीज या जुडीत नसतेच, ती रोमपेशींमध्ये असते. नेहमीच्या श्रवणचाचणीत पेशी आणि तंतू असे वेगळे दिसत नाहीत, म्हणून अहवालात दोन्ही मिळून एकच शब्द येतो: सेन्सरीन्यूरल. ओपीडीतल्या पाच मिनिटांत त्याचं भाषांतर ‘नस’ असं होतं. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, पण रुग्ण भलतंच समजतो. कानात घातलेलं तेल पडद्यापाशीच थांबतं. शंखनळी त्याच्या पलीकडे, कवटीच्या सगळ्यात टणक हाडात आहे. आणि माणसाच्या रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या उगवतात. उत्क्रांतीने हा एक व्यवहार आपल्याबाबतीत कंजूषपणे केला आहे.

सगळे धागे एकाच भाषेत बोलतात

कानाकडे परत येण्याआधी थोडा ठेचा खाऊ.

तिखट ही चव नाही. मिरचीतला कॅप्सायसिन नावाचा पदार्थ जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (म्हणजे निरोप टिपणाऱ्या रेणूला) जाऊन चिकटतो, तो खरं तर भाजल्याची वर्दी देण्यासाठी असतो. तोंडात कुठेही जाळ नसतो, पण तंतू ‘भाजलं’ असा निरोप पाठवतो आणि मेंदू घाम फोडतो. पुदिन्यातल्या मेंथॉलने गार वाटतं तेही असंच. हा मिरचीचा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलचा वाटा मिळाला.

दुसरा प्रयोग: डोळा मिटून पापणीच्या कडेला बोटाने अगदी हलकं दाबा. उजेडाचा ठिपका दिसेल. उजेड नव्हता, दाब होता. पण डोळ्याच्या तंतूने कळवलं की मेंदू त्याचा अर्थ ‘उजेड’ असाच लावतो.

म्हणजे डोळ्यातून, जिभेतून, कानातून निघणारे निरोप मुळात एकाच जातीचे, विजेच्या छोट्या ठोक्यांचे असतात. ते कुठल्या दारातून आले यावर मेंदू ठरवतो की हे दृश्य, ही चव की हा सूर. हे लक्षात ठेवा. पुढे बहिऱ्या बाळाच्या कानात तार घालायची वेळ येईल तेव्हा उपयोगी पडेल.

शब्द का कळत नाहीत?

रोमपेशींची झीज बहुधा दाराशी सुरू होते, म्हणजे बारीक स्वरांच्या बाजूने. खर्जाची बाजू बरीच वर्षं टिकते.

आता एक वाक्य फक्त स्वरांत म्हणून बघा, व्यंजनं गाळून. “सात वाजता ये” चं “आ-अ आ-अ-आ ए” होतं. आवाज भरपूर, अर्थ शून्य. बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो आणि ते खालच्या पट्टीत वाजतात. अर्थ ज्यावर उभा असतो ती व्यंजनं, विशेषतः स, श, फ, थ, ठ यांतला वाऱ्यासारखा फुसफुसाट, उंच पट्टीत आणि क्षीण असतो. आत्याच्या कानात ‘सात’मधला ‘स’ पोचलाच नाही. उरलेल्या ‘आत’चा मेंदूने जवळचा अर्थ लावला: आठ. पुसट झालेला शिलालेख वाचणारा माणूस करतो तेच.

म्हणून ओरडून उपयोग होत नाही. ओरडताना आपण स्वर मोठे करतो, ‘स’ ओरडताच येत नाही. वर आपला चेहरा चिडका दिसतो, तो वेगळाच तोटा. त्यापेक्षा समोर येऊन, उजेडात, जरा सावकाश बोललेलं बरं. मेंदू ओठही वाचत असतो, आपल्या नकळत. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली दाखवलं की कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांसमोरचे ओठ ‘गा’ म्हणत असतील, तर पुष्कळ लोकांना ‘दा’ ऐकू येतो. “चष्मा लावला की मला नीट ऐकू येतं” असं आजी म्हणाली तर हसू नका.

लग्नाच्या हॉलमध्येच का अडतं?

घरात ठीक, पंगतीत मात्र बहिरी. यावरून ‘सोयीस्कर बहिरेपणा’चा आरोप होतो. तो अन्याय आहे.

डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात आधी पोचतो, उजव्यात नंतर. जास्तीत जास्त फरक सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा. मेंदूच्या बुंध्याशी असलेल्या पेशींच्या गाठी दोन्ही कानांची वेळ ताडून पाहतात आणि आवाज कुठून आला ते सांगतात. दिशा कळली की मेंदू एका माणसाचा आवाज उचलून बाकीचा गोंगाट मागे सारू शकतो. सनई, भांडी, लाउडस्पीकर आणि चार मावश्या यांतून एकच वाक्य वेचायचं तर दोन्ही कानांकडून अगदी वेळेवर, स्वच्छ निरोप यावे लागतात. झिजलेल्या कानाचे निरोप पुसट असतात, तिथे ही वेचणी कोलमडते. दोन्ही कान अधू असताना पैसे वाचवायला एकाच कानाला मशीन लावलं, तर याच कारणाने बहुधा पंगतीत निराशा पदरी पडते.

“मशीन लावलं, पण भांड्यांचाच आवाज डोक्यात जातो”

ही तक्रार खरी आहे, आणि तिची कारणं दोन.

पहिलं, आवाज वाढवणाऱ्या रोमपेशी गेल्या की हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘केवढ्याने ओरडतोस’ यांतलं अंतर अरुंद होतं. मशीनने या अरुंद पट्टीत सगळं बसवायचं असतं. ते एका भेटीत जमत नाही. दोन-चार फेऱ्या मारून, कुठल्या आवाजाचा त्रास होतो ते सांगून, जुळवणी करून घ्यावी लागते. मशीन विकून हात झटकणाऱ्या दुकानातून ते घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

दुसरं कारण मेंदूचं. चष्मा घातला की लगेच दिसतं, म्हणून मशीनकडूनही तीच अपेक्षा असते. पण बहिरेपणा वर्षानुवर्षं हळूहळू येतो आणि मेंदू त्या शांततेला सरावलेला असतो. पंख्याची घरघर, फोडणीचा तडतडाट, चपलांचा आवाज यांकडे दुर्लक्ष करायची त्याची सवय मोडलेली असते. ती परत यायला आठवडे लागतात, कधी महिने. आधी शांत खोलीत, एका माणसाशी, रोज थोडे तास. लग्नाचा हॉल सगळ्यात शेवटी. आत्याने नेमकं उलट केलं होतं: पहिल्याच आठवड्यात भाचीच्या डोहाळजेवणाला मशीन लावून गेली.

मशीनने ‘सवय लागून’ कान बिघडतात, हा समज चुकीचा. मशीन जुळवलेलं असेल तर तसं होत नाही. आणि “वय झालं, आता कशाला?” याचं उत्तर जरा जपून द्यायला हवं. मध्यमवयातला बहिरेपणा आणि पुढचा स्मृतिभ्रंश यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. पण मशीनने स्मृतिभ्रंश टळतो का? २०२३ साली अमेरिकेतल्या ७० ते ८४ वर्षांच्या लोकांवरच्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांनी सरसकट फरक दिसला नाही. ज्यांना मुळातच जास्त धोका होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. तेव्हा ‘मशीन लावा, विसरभोळेपणा टाळा’ अशी जाहिरात दिसली तर तिच्यावर अर्धाच विश्वास ठेवा. नातवंडांशी बोलता येणं हे कारण तसंही पुरेसं आहे.

बाळ बोलत नाही, आणि आपण जीभ तपासतो

दीड-दोन वर्षांचं मूल बोलत नसेल तर आपल्याकडे आधी काय होतं? जीभ जड आहे म्हणतात. वेखंड उगाळून चाटवतात. “याचा बाबाही उशिराच बोलला” असं सांगतात. खरं तर सगळ्यात आधी तपासायला हवा तो कान. बोलणं ही ऐकण्याची नक्कल आहे. जे कानावर पडलंच नाही ते जीभ कुठून काढणार?

तपासणीला बाळाच्या उत्तराची गरज नसते. रोमपेशी धडधाकट असतील तर त्या आवाजाला प्रतिसाद म्हणून स्वतःच अतिक्षीण आवाज काढतात. कान आपल्याशी परत बोलतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये नोंदवलं आणि त्यावर नवजात बाळाची चाचणी उभी राहिली. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत ती होते. दुसरी ‘बेरा’: डोक्याला पट्ट्या चिकटवून निरोप मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो का ते बघतात. ही मात्र खरोखरच नसेची चाचणी.

रोमपेशी जवळपास नसतीलच तर मशीन आवाज मोठा करून देणार कोणाला? इथे कॉक्लिअर इम्प्लांट येतं. शंखनळीत बारीक तार सरकवतात, तिच्यावर बारा ते बावीस विद्युतअग्रं असतात, आणि ती थेट चेतातंतूंना ठोके देतात. पापणी दाबल्यावर उजेड दिसला होता ना, तोच न्याय: निरोप कानाच्या तंतूवरून आला की मेंदूला तो आवाजच. साडेतीन हजार पेशींचं काम बावीस अग्रांवर, म्हणजे मोजक्याच पट्ट्यांची पेटी. गाणं फिकं लागतं, पण बोलणं समजतं, कारण उरलेलं मेंदू भरून काढतो.

अट एकच, मेंदू कोवळा असताना. ऐकण्यासाठी राखलेल्या जागेला पहिली साडेतीन वर्षं आवाजच मिळाला नाही, तर तिची घडण वेगळी होते आणि पुढे इम्प्लांट बसवूनही बोली कष्टाने येते. मोठेपणी बहिरं झालेल्या माणसाचं तसं नसतं. त्याचा मेंदू भाषा शिकून बसलेला असतो. शस्त्रक्रियेनंतरची दोन-तीन वर्षांची ऐकण्या-बोलण्याची थेरपी वगळली तर लाखोंचं यंत्र वाया जातं. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून (अपंगांना साधनं देणारी योजना) लहान मुलांना हे इम्प्लांट मोफत मिळू शकतं, आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच आहे. चौकशी तिथून सुरू करावी.

“मग खुणांची भाषा शिकवू नये ना, बोलायचा आळस येईल?” हा प्रश्न हमखास येतो. येत नाही. कोवळ्या मेंदूला भाषा हवी असते, मग ती कानातून मिळो की हातांतून. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत मुलाला भाषेविना ठेवणं हे जास्त मोठं नुकसान.

याच क्षेत्रातली ताजी बातमी २०२४ ची. काही मुलांच्या रोमपेशी शाबूत असतात, तंतूही शाबूत, पण पेशीकडून तंतूला निरोप सोपवणारं ओटोफर्लिन नावाचं प्रथिन जन्मतः नसतं. पत्र लिहिलंय, पोस्टमन दाराशी उभा आहे, पण हातात देणारं कोणी नाही. चीनमध्ये अशा सहा मुलांच्या कानात निरोगी जनुक सोडलं. पाच मुलांना ऐकू येऊ लागलं. मथळे आले ‘बहिरेपणावर इलाज सापडला’. तो या एका दुर्मीळ प्रकारावरचा आहे. आत्याच्या मेलेल्या पेशींना त्याचा उपयोग नाही.

तोंडापर्यंतचा रस्ता

उलट दिशेचा प्रवास थोडक्यात. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याला समोरच्याचं बोलणं समजे, पण तोंडून ‘तां’ एवढाच उच्चार निघे. मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा सापडली. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलटे रुग्ण वर्णन केले: बोलणं घळघळ, पण अर्थहीन, आणि समज गेलेली. म्हणून अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या माणसाला ‘वेड लागलं’ म्हणू नये. पाणी मागता न येणारे आजोबा कधी कधी अख्खी आरती म्हणतात, कारण तोंडपाठ, सुरातलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटांनीही जातं. वाचा परत आणायच्या एका उपचारपद्धतीत याच वाटेचा वापर करतात.

स्वरयंत्राच्या डाव्या तंतूचा रस्ता तर विचित्रच. मेंदूतून निघून गळ्याजवळून तो थेट छातीत उतरतो, महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला, वळसा घालतो आणि पुन्हा गळ्यात वर येतो. मुंबईहून पुण्याला जायला साताऱ्याहून वळावं तसं. म्हणून छातीतल्या गाठीचं पहिलं लक्षण कधी कधी घोगरा आवाज हे असतं. तीन आठवड्यांपेक्षा जास्त घसा बसलेला असेल तर गरम पाण्याच्या गुळण्या थांबवून दाखवून यावं.

“मिरवणुकीनंतर कान गुंग होतो, पण सकाळी ठीक!”

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचा आवाज सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी मोजत आले आहेत, आणि काही वर्षी सरासरीच १०० डेसिबलच्या वर निघाली आहे. डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नाही; दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास चालतो असं धरलं, तर १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. पथकातली पोरं तिथे तासन् तास वाजवतात.

सकाळी ठीक वाटतं हे खरं. पण २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर दाखवलं की ऐकणं पूर्ववत झाल्यावरही रोमपेशी आणि तंतू यांच्यातले बरेचसे सांधे कायमचे तुटलेले होते. शांत खोलीतली चाचणी नॉर्मल येते, कारण एकेक बारीक ‘पीं’ ऐकायला थोडे तंतू पुरतात. गोंगाटातलं वाक्य वेचायला मात्र सगळे लागतात. माणसातही असंच होतं का यावर अजून संशोधन चालू आहे. माझं मत ठरलेलं आहे: ढोल वाजवावा, कानात इअरप्लग घालून वाजवावा. तालात काही फरक पडत नाही.

एका रात्रीत गेलेला कान

जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी स्वतःच जाहीर केलं की विमानातून उतरल्यावर अचानक आपल्याला ऐकू येईनासं झालं, आणि डॉक्टरांनी विषाणूच्या हल्ल्यामुळे झालेला सेन्सरीन्यूरल बहिरेपणा असं निदान केलं. वर सांगितलेले कानाचे बाकी बिघाड बहुतेक हळूहळू घडणारे आहेत. तिथे चार दिवस मागेपुढे झाले तर बिघडत नाही. इथे बिघडतं. एक कान अचानक बंद झाला की लोक सर्दी किंवा मळ समजून आठ-पंधरा दिवस काढतात, आणि स्टेरॉइड देऊन ऐकणं वाचवण्याची संधी नेमकी त्याच दिवसांत असते.

तोंड मिटून ‘म्म्म्’ गुणगुणून बघा. बंद वाटणाऱ्या कानात गुणगुण मोठी लागली तर बहुधा मळ किंवा पाणी असतं. चांगल्या कानात मोठी लागली तर आतल्या कानाची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं. गुणगुणून काही कळलं नाही, तरीही त्याच दिवशी.